हॅम क्लबांनी वादळाची वाट पाहू नये

हौशी रेडिओची बाजू मांडायला कुणी उभं राहिलं, की पहिल्या दोन वाक्यांतच पूर, भूकंप नाहीतर चक्रीवादळ येतं. मोबाइलचे मनोरे आडवे झाले, वीज गेली, इंटरनेट बंद पडलं, आणि मग एका हॅमने, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकाने, एक बॅटरी आणि गच्चीवरून टांगलेली तार एवढ्या भांडवलावर जगाशी संपर्क जोडून दिला. गोष्ट खोटी नाही. अनेकदा घडली आहे, पुढेही घडेल. पण हॅम क्लब कशासाठी असावेत, या प्रश्नाचं हे पुरेसं उत्तर नाही. वर्षानुवर्षं हेच एक उत्तर देत राहून क्लबांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं आहे, असं माझं मत आहे.

हा प्रश्न फक्त हॅम मंडळींचा नाही. रेडिओ लहरींचा पट्टा सगळ्यांच्या मालकीचा आणि मोजकाच. त्यातल्या तुकड्यांसाठी मोबाइल कंपन्या लिलावात प्रचंड रकमा मोजतात. दुसरीकडे जगभरातले सुमारे ३० लाख लोक (नेहमी सांगितला जाणारा अंदाज हाच) एक परीक्षा देऊन, किरकोळ शुल्क भरून याच पट्ट्याचे बरेच तुकडे वापरतात, तेही हौसेखातर. ज्याला रेडिओशी काही देणंघेणं नाही त्यानेही ‘हे का चालू द्यायचं?’ असं विचारलं तर त्यात गैर काही नाही.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली या सेवेची व्याख्या सरळ करते. स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क साधणं, तांत्रिक शोध घेणं. केवळ वैयक्तिक आवड म्हणून, पैशाच्या लाभाशिवाय. या व्याख्येत आपत्ती कुठेच नाही. संकटकाळातल्या मदतीची तयारी हौशी केंद्रांना करू द्यावी, असं सुचवणारं कलम २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत जोडलं गेलं. म्हणजे जे नंतर आलं ते आपण बॅनरवर मोठ्या अक्षरात छापतो आणि मूळ कारण सांगायला लाजतो.

लाजण्याचं कारण समजतं. ‘आम्हाला शिकायचंय, खेळायचंय, गप्पा मारायच्यात’ असं म्हणून सरकारकडे काही मागता येत नाही, असं वाटतं. जीव वाचवण्याची भाषा वजनदार. पण तिच्यातला धोका आता दिसू लागला आहे. २०२२ पासून काही मोबाइल थेट उपग्रहाकडे संकटसंदेश धाडू लागले. मदत यंत्रणांकडे स्वतःची जाळी आहेत, घडी घालून नेता येणारे उपग्रह टर्मिनल आहेत. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘हे सगळं आता दुसरीकडून होतंय, मग तुमचा पट्टा परत देता का?’ तर ज्यांनी आयुष्यभर फक्त वादळांचे दाखले दिले ते काय बोलणार?

आणि ही भीती काल्पनिक नाही. २०१९ साली फ्रान्सने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानसेवेसाठी अभ्यासाला घ्यावा, असा प्रस्ताव युरोपातल्या बैठकीत ठेवला होता. जगभर गदारोळ झाल्यावर तो मागे घेतला गेला. हा तोच दोन मीटरचा पट्टा, ज्यावर बहुतेक स्थानिक क्लबांचा रिपीटर (क्षीण संकेत झेलून पुन्हा जोरात सोडणारं उंचावरचं केंद्र) चालतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ३.३ ते ३.५ गिगाहर्ट्झमधली हौशी सेवेची दुय्यम वाटणी काढून टाकण्याचा निर्णय झाला. १२४० ते १३०० मेगाहर्ट्झमध्ये उपग्रह दिशादर्शनाला हॅम केंद्रांचा अडथळा होतो का, हा वाद २०२३ च्या परिषदेपर्यंत पोचला. वरच्या फ्रिक्वेन्सींवर डोळा असणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे कागदपत्रं तयार असतात.

आता आपत्तीचंच एक उदाहरण नीट पाहू, कारण ते सगळे सांगतात आणि अर्धंच सांगतात. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम चमू पोर्ट ब्लेअरमध्ये होता. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला आणि या मंडळींनी दिवसरात्र बसून संदेश पोचवले, खुशाली कळवली. हे सगळं खरं. पण ते लोक तिथे का होते? मदतकार्यासाठी नव्हे. अंदमानातून अनेक वर्षं हौशी रेडिओ चाललेला नव्हता. जगभरच्या हॅमना एका दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क मिळावा, म्हणून ही मोहीम काढली होती. बाहेरच्या माणसाच्या लेखी हा शुद्ध छंद: ट्रान्सीव्हर लावायचा, अँटेना उभारायची, रांगेतल्या हजारोंना एकेक करून उत्तर द्यायचं आणि नंतर संपर्काची पोच म्हणून क्यूएसएल कार्डं पाठवायची. त्या छंदासाठी नेलेली उपकरणं तिथे होती, ती हाताळून सरावलेली माणसं तिथे होती, कोणत्या वेळी कोणता बँड कुठे पोचतो हे त्यांना आदल्या काही आठवड्यांत पाठ झालं होतं. ‘आपत्ती सज्जता’ अशी पाटी लावलेली पेटी कपाटात ठेवून यातलं काहीच जमलं नसतं.

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. संकटातला उपयोग हे हौसेचं उप-उत्पादन आहे. हौस काढून घेतली तर तो उपयोगही जातो. हौस जिवंत असेल तर त्याची वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

क्लबाचं साप्ताहिक नेट, म्हणजे सभासदांची रेडिओवरची बैठक, ज्याने कधी ऐकलं नाही त्याला हे पटणार नाही, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. ठरलेल्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळी रिपीटरवर नेट भरतं. नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, आपला कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखचिन्ह) सांगतो आणि आधी विचारतो, ‘कुणाकडे तातडीचा संदेश आहे?’ उत्तर नाही. दर आठवड्याला उत्तर नसतं आणि दर आठवड्याला हा प्रश्न विचारला जातो. मग हजेरी. जुने लोक पटकन कॉलसाइन टाकतात, ‘चेक-इन’ म्हणतात, बाजूला होतात. नवखा बटण दाबतो आणि त्याच क्षणी बोलायला लागतो; रिपीटर जागा व्हायला लागणाऱ्या वेळात त्याच्या कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं गिळली जातात. नेट कंट्रोल सांगतो, ‘बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. माइक तोंडापासून चार बोटं लांब, जरा तिरपा धरा.’ तो पुन्हा बोलतो. या वेळी सगळं ऐकू येतं, आणि ऐकणाऱ्या पंधरावीस घरांना कळतं की एक नवा माणूस आला.

मग क्लबाच्या बातम्या. रिपीटरच्या केबलमध्ये पाणी शिरलंय, शनिवारी वर चढायला दोन जण हवेत. अमुक सभासदाची मुलगी परीक्षा पास झाली, कॉलसाइन यायचाय. तमुक ‘सायलेंट की’ झाले, म्हणजे वारले; त्यांची रिग (रेडिओ संच) कुणाला द्यायची हे घरच्यांना विचारून ठरवू. फॉक्स हंटसाठी (लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळासाठी) हातात धरायच्या अँटेना कोण बनवणार? कुणाचा तरी आवाज खरखरतोय, ‘तुमची बॅटरी उतरलीय बहुतेक’ असं दुसरा कुणीतरी सांगतो. आणि एखाद्या आठवड्यात नेहमी तिसऱ्या नंबरवर येणारे आजोबा आलेच नाहीत, तर नेट संपल्यावर दोघं जण त्यांना फोन करतात. या बातम्यांना वर्तमानपत्रात जागा मिळणार नाही. मिळू नये सुद्धा. पण कुणाच्या घरून रिपीटर नीट लागतो, कुणाचा आवाज डोंगराच्या मागे हरवतो, कोण मोजकं बोलतो आणि कोण ऐकण्याआधीच बोलतो, हे सगळं या कंटाळवाण्या अर्ध्या तासात साठत जातं. मोठ्या संकटात हेच लागतं. आकडा दोनदा सांगायचा, नाव अक्षरागणिक फोडायचं, समोरच्याने परत म्हटलेलं तपासायचं, आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. रेडिओवर दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. समाजमाध्यमांवर हा नियम नाही, आणि तिथे काय होतं ते आपण बघतोच.

आणखी एक. इथे निनावी राहता येत नाही. ठराविक वेळाने कॉलसाइन सांगावाच लागतो, आणि अर्थ लपवण्यासाठी संदेश कूटबद्ध करण्याला एरवी बंदी आहे. म्हणजे जे काही बोलाल ते परवाना नसलेल्या श्रोत्यासकट कुणालाही ऐकण्यासाठी खुलं. लोक सभ्य वागतात ते सगळेच सज्जन असतात म्हणून नव्हे. हॅममध्ये कटकटे, अहंकारी आणि एकमेकांशी वीस वर्षं न बोलणारे भरपूर असतात. फक्त त्यांचं भांडणही कॉलसाइन लावूनच होतं.

हे सगळं मान्य केलं तरी ‘गप्पा मारायला फुकट पट्टा का द्यायचा?’ हा आक्षेप उरतोच. त्याचं खरं उत्तर वेगळं आहे आणि क्लब ते सांगत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. मोबाइल, राउटर, वॉकीटॉकी, विमानातला रेडिओ. प्रक्षेपण करणारं प्रत्येक उपकरण आधी प्रमाणित व्हावं लागतं, मग ते सामान्य माणसाच्या हाती येतं. त्याने ते उघडायचं नाही, बदलायचं तर नाहीच. कायद्याचा विश्वास डब्यावर आहे, माणसावर नाही. हौशी सेवेत बहुतेक देशांत उलट आहे: परीक्षा माणसाची होते आणि मग त्याने घरी बनवलेला ट्रान्समीटर हवेत सोडायला परवानगी असते. आपल्या भोवतीचं जवळजवळ सगळं आता रेडिओवर चालतं, आणि त्यात हात घालून शिकायची सामान्य नागरिकाला मोकळीक असलेली ही बहुधा शेवटची जागा. ती राखायला हवी यासाठी मला वादळाची गरज वाटत नाही.

या मोकळिकीतून काय निघतं याचा इतिहास मोठा आहे. १९१२ साली अमेरिकेतल्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबींवर ढकललं, कारण त्या लहरी दूरच्या संपर्कासाठी निकामी समजल्या जात. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधले लेऑन देलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांनी ११० मीटरच्या आसपास अटलांटिकपार दुतर्फा संवाद केला, आणि ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं तिच्यासाठी लवकरच सरकारं आणि कंपन्या धावल्या. १९३७ मध्ये ग्रोट रेबर या हॅमने घरामागच्या आवारात, स्वतःच्या पैशाने, सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारून आकाश ऐकायला सुरुवात केली. पुढची काही वर्षं तो जगातला जवळजवळ एकटाच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होता. १२ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे स्पुटनिकनंतर चार वर्षांनी, हौशी मंडळींनी बनवलेला ऑस्कर-१ उपग्रह दुसऱ्याच्या रॉकेटवर, वजन भरून काढायच्या जागेत बसून वर गेला. साधारण साडेचार किलोचा तो डबा मोर्समध्ये ‘हाय’ म्हणायचा, आणि ते किती भरभर म्हणतो यावरून खाली ऐकणाऱ्याला त्याच्या पोटातलं तापमान काढता यायचं. मला या उपग्रहाबद्दल सगळ्यात आवडते ती ही युक्ती. वेगळं मोजमाप यंत्र नाही, घरी एक रिसीव्हर आणि घड्याळ असलं की झालं.

अर्थात प्रत्येक क्लबातून रेबर निघत नाही. बहुतेक क्लबांतून निघतात ती साधी माणसं, ज्यांना ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न बसलेला डाग, ओळखता येतं. ही पण कमी गोष्ट नाही. पीएल-२५९ कनेक्टरला डाग द्यायला बसलेला मुलगा बघा. कोॲक्स केबलची जाळी मागे वळवतो, आतली तार पिनेत सरकवतो, सोल्डरिंगची इस्त्री टेकवतो आणि टिन वितळलं की समाधानाने उचलतो. मीटर लावला तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे न जाता किती ऊर्जा परत फिरते याचं माप) तीनच्या वर. शेजारी बसलेली बाई काही न बोलता केबल हलवते, काटा नाचतो. ‘टिन वरवर बसलंय. धातू तापू दे, मग टिन आपोआप ओढलं जाईल.’ दुसऱ्या खेपेला काटा दीडवर थांबतो. हे व्हिडिओ बघून येत नाही असं मी म्हणणार नाही, येतं. पण व्हिडिओ तुमची केबल हलवून बघत नाही.

मग क्लब ओस का पडताहेत? ‘मोबाइल आला म्हणून’ हे ठरलेलं उत्तर अर्धवट आहे. जपानचं उदाहरण बोलकं आहे. १९९५ च्या सुमारास तिथे हौशी केंद्रांची संख्या १३ लाखांवर होती, जगात सर्वाधिक. आज ती चार लाखांच्याही आत आहे. मित्रांशी गाडीतून बोलायला म्हणून ज्यांनी परवाना घेतला होता, त्यांना खिशातला फोन मिळाल्यावर रेडिओ लागेना. भूकंपाच्या देशात आपत्तीचं कारणसुद्धा त्यांना धरून ठेवू शकलं नाही. उरले ते ज्यांना रेडिओतच रस होता. तेव्हा माणसं टिकवायची तर रस पैदा करायला हवा, भीती नव्हे.

आणि रस मारण्यात आपले काही ज्येष्ठ तरबेज आहेत. २००३ मध्ये मोर्सच्या परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली आणि निर्णय त्या त्या देशावर सोपवला गेला. त्यानंतर आलेल्यांना ‘खरे हॅम नव्हेत’ असं ऐकवणारे अजून आहेत. स्वस्तातला हँडहेल्ड घेऊन आलेल्याला त्याच्या रेडिओवरून हिणवायचं. एफटी८ ही कॉम्प्युटरवरून संदेश धाडायची पद्धत वापरणाऱ्याला ‘तुझा कॉम्प्युटर बोलतो, तू कुठे बोलतोस’ म्हणायचं. गंमत अशी, की २०१७ मध्ये ही पद्धत आणणाऱ्या दोघांपैकी एक, जो टेलर, हे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ आणि लहानपणापासूनचे हॅम. पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत, कानाला ऐकूच येणार नाहीत इतके क्षीण संकेत ती उकलते. ज्याच्या नशिबी गच्ची नाही, फक्त खिडकी आहे, त्याला तिने समुद्रापलीकडे पोचवलं. तिची खोट एवढीच की दोन केंद्रं कॉलसाइन, सिग्नलचा रिपोर्ट आणि नकाशातला चौकोन यांची देवाणघेवाण करून मोकळी होतात; माणूस माणसाला भेटत नाही. ती भेट घडवणं हे क्लबाचं काम, आणि ते टोमणे मारून होत नाही.

क्लबांनी स्वतःकडे बघायची आणखी एक जागा आहे. लेटरहेडवर ‘आपत्कालीन संपर्क’ छापलेल्या किती क्लबांना आपल्या रिपीटरखालची बॅटरी कधी बदलली ते सांगता येईल? वीज गेली की दहा मिनिटांत मुका होणारा रिपीटर ठेवून सज्जतेची भाषणं करणं ही निव्वळ फसवणूक आहे, आणि ती पहिल्यांदा स्वतःची. महिन्यातून एक नेट रिपीटरशिवाय, थेट एकमेकांना ऐकत घेतलं, तरी निम्म्या सभासदांना आपली अँटेना किती पोचते याचा धक्का बसेल. बसावा. त्यातूनच गच्चीवर चढणं होतं.

गच्चीवरून आठवलं, समाजाकडे मागायचंच तर ते इथे मागावं. सात मेगाहर्ट्झवर काम करायला लागते ती अर्ध्या तरंगलांबीची, साधारण वीस मीटर लांबीची बारीक तार. ती टांगायला परवाना असूनही हॅमला इमारतीच्या कमिटीपुढे हात जोडावे लागतात, कारण ‘दिसायला बरं नाही’ किंवा ‘रेडिएशन’. त्याच इमारतीतले निकृष्ट एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर रात्रंदिवस जो विद्युत गोंगाट ओततात, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, कारण तो ऐकू येतो फक्त हॅमला. खरं तर हा पगार न घेणारा तपासनीस आहे. पट्टा कुठे घाण होतोय हे बहुतेकदा त्यालाच आधी कळतं. परवानाधारकाला वाजवी आकाराची अँटेना लावण्याचा हक्क आणि विजेच्या उपकरणांच्या गोंगाटावर जे नियम आहेत त्यांची खरी अंमलबजावणी, या दोन मागण्या घेऊन क्लब उभे राहिले, तर त्यात हॅम नसलेल्यांचाही फायदा आहे.

आणि दर वर्षीच्या अहवालात ‘कोणत्याही आपत्तीला तोंड देण्यास आमचे सभासद सदैव तत्पर’ हे वाक्य गाळून त्या जागी दुसरं काही लिहावं. किती जण परीक्षा पास झाले. कितींनी स्वतः बनवलेलं काहीतरी हवेत सोडलं. नेट कंट्रोलची पाळी किती नव्या लोकांना दिली. पाळीपत्रकात तीच तीन नावं फिरत असतील तर तेही लिहावं. शाळेतल्या मुलांचं अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीराशी बोलणं घडवलं असेल तर तेही, त्या दहा मिनिटांसाठी महिनोन्महिने काय काय जमवावं लागलं त्यासकट. आणि रिपीटर बॅटरीवर किती तास चालतो, हा आकडा. तो लिहायचा म्हटलं की मोजावा लागेल, आणि मोजायचा तर एका रविवारी सकाळी मेन स्विच बंद करून, कुणीतरी घड्याळ लावून तिथे बसावं लागेल.